केरूनाना छत्रे : मास्तरांचे मास्तर

स्मरणिकेत आपापल्या सरांविषयी आणि बाईंविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे. मी मात्र अशा एका मास्तरांविषयी लिहिणार आहे ज्यांनी आपल्या शाळेत एक तासही घेतला नाही. घेणे शक्यच नव्हते, कारण ते १८८४ साली वारले. पण आपल्याला विज्ञान शिकवणाऱ्या सरांना कोणी शिकवले, त्यांच्या सरांना कोणी शिकवले, असे मागे मागे जात राहिले, तर मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या वंशावळीत फार वरच्या पायरीवर केरो लक्ष्मण छत्रे हे नाव लागते. लोक त्यांना केरूनाना म्हणत. शिवाय ते आपल्याच जिल्ह्याचे. जिल्ह्यातली मोठी माणसे मोजताना आपण महाडकर नाते गावच्या सी. डी. देशमुखांचे नाव घेतो, पोलादपूरकर उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचे घेतात. अलिबागजवळच्या नागावच्या या गणितज्ञाचे नाव मात्र आपल्या भागात क्वचितच ऐकू येते.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी नागावला झाला. मूळ नाव विनायक, पण जगाने लक्षात ठेवले ते केरो हेच. त्या वेळी अलिबाग-नागावचा मुलूख आंग्र्यांच्या अमलाखाली होता आणि पेशवाई बुडून जेमतेम सात वर्षे झाली होती. आईवडील लहानपणीच गेले. चुलत्यांच्या आधाराने पोरगा मुंबईला आला. कोकणातल्या किती घरांची ही कथा आहे! खाडी ओलांडायची, मुंबईत कोणा नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकायची आणि शिकायचे. आपल्या वर्गातले निम्मे जण पुढे याच वाटेने गिरणगावात आणि लालबाग-परळला गेले. फरक एवढाच, की त्या काळी शिकायला जायचे म्हणजे कुठे जायचे, हेही ठरलेले नव्हते.

केरूनाना एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तिथे आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार नावाचे इंग्रज प्राध्यापक गणित, ज्योतिष आणि सृष्टिशास्त्र शिकवत. आजच्या भाषेत सृष्टिशास्त्र म्हणजे भौतिकशास्त्र. बाळशास्त्री जांभेकरही त्याच संस्थेत होते. दर्पणकार म्हणून बाळशास्त्री सर्वांना माहीत आहेत. पण ते मुळात गणित आणि ज्योतिषाचे शिक्षक होते, आणि १८४५ साली सरकारने शाळामास्तर तयार करण्यासाठी जो वर्ग काढला तो त्यांच्याच हाती दिला होता, हे सहसा सांगितले जात नाही. कोकणातल्या शाळा तपासण्याचे कामही त्यांच्याकडे होते. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, ते चौतिसाव्या वर्षी वारले. मास्तरांना शिकवायचे तर स्वतः शास्त्र येणारा माणूस हवा, ही रीत तिथे पडली आणि केरूनानांनी ती पुढे चालवली.

ऑर्लेबारसाहेबांच्या डोळ्यांत हा मुलगा भरला होता. कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा काढली होती. आधी ती जहाजांना वेळ दाखवण्यासाठी होती. १८४१ च्या सुमारास तिथे हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. ऑर्लेबार त्या कामाचे प्रमुख होते आणि त्यांनी केरूनानांना मदतनीस म्हणून घेतले. वय अवघे पंधरा वर्षे, पगार दरमहा ५० रुपये. त्या काळी गावच्या मास्तराला याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही मिळत नसे.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते केरूनानांचे खरे शिक्षण याच जागी झाले. वेधशाळेचे काम काय, तर दर तासाला उठून वायुभारमापक पाहायचा, पाऱ्याची उंची टिपायची, कोरड्या आणि ओल्या फडक्याच्या तापमापकांचे आकडे घ्यायचे, चुंबकसुई किती सरकली ते बघायचे आणि वहीत मांडायचे. दिवसा आणि रात्रीही. पाऊस असो, उकाडा असो, सण असो. एकदा घेतलेला आकडा आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. असे कोणी वर्षानुवर्षे केले म्हणजे मग एक गंमत दिसते. आपल्या भागात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो जास्तीत जास्त असतो, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला, पहाटे चारला पुन्हा खाली. हा चढउतार इतका बारीक असतो, की एखाद्या दिवशी दोनतीनदा पाहून तो कधीच कळणार नाही. तासातासाच्या वह्या समोर असतील तर मात्र समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा तो स्पष्ट दिसतो. केरूनानांनी असे काम सुमारे दहा वर्षे केले. पुस्तकातून शास्त्र शिकलेले मास्तर खूप असतात. रात्री तीन वाजता कंदील धरून पारा वाचलेले थोडे.

१८५१ साली पुण्याची जुनी संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून विश्रामबागवाड्यात पुणे कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी केरूनाना मुंबईहून पुण्याला आले. कॉलेजला जोडून नॉर्मल स्कूल होते. नॉर्मल स्कूल म्हणजे मराठी शाळांसाठी मास्तर तयार करण्याची शाळा. पुढच्या काळात आपण ज्याला ट्रेनिंग कॉलेज म्हणत आलो, आणि नंतर डी.एड., त्याचे हे पूर्वरूप. तिथे केरूनाना गणित आणि सृष्टिशास्त्र मराठीतून शिकवू लागले. पुढे त्या संस्थेचे ते प्रमुखही झाले. मधल्या काळात अहमदनगरच्या इंग्रजी शाळेत काम केले, पुण्याच्या इंजिनिअरिंग वर्गातही शिकवले. पण मास्तरांना शिकवणे हे त्यांच्या नोकरीतले मुख्य काम.

हे काम किती अवघड होते, याची कल्पना आज येणार नाही. समोर बसलेले उमेदवार पंतोजींच्या शाळेतून आलेले असत. पावकी, निमकी, दीडकी, औटकी तोंडपाठ, मोडी वळणदार, हिशेब पक्का. या बाबतीत ते आजच्या आपल्या पोरांना सहज हरवतील. पण या मास्तराने उद्या गावी जाऊन पृथ्वी गोल आहे, ग्रहण म्हणजे सावली आहे, हवेला वजन आहे, असे शिकवायचे होते. आणि ज्या घरी तो जेवायला जाणार, तिथे राहू-केतू चंद्राला गिळतात यावर कोणालाच शंका नव्हती. तेव्हा मास्तराला नुसते वाक्य पाठ करून देऊन भागत नव्हते. आधी त्यालाच पटायला हवे होते, आणि गावात कोणी अडवले तर उत्तर देता यायला हवे होते. पाठिंबा द्यायला तिथे ना दुसरा मास्तर, ना ग्रंथालय. वर्षातून एकदा येणारा तपासनीस काय विचारेल याचीच भीती.

भाषेचाही प्रश्न होता. केरूनानांच्या आधी हरि केशवजींनी सृष्टिशास्त्रावर आणि रसायनावर मराठीत संवादरूप पुस्तके लिहिली होती, म्हणजे अगदी कोरी पाटी नव्हती. पण वर्गात तासभर बोलायचे, शंका फेडायच्या आणि समोरच्याने तेच पुढे गावी सांगायचे, तर शब्द तोंडात रुळलेले हवेत. केरूनानांनी मराठी शाळांसाठी पदार्थविज्ञानाचे आणि अंकगणिताचे पुस्तक लिहिले. ही पुस्तके वर्गातून उगवलेली आहेत. मुंबईच्या ज्ञानप्रसारक सभेसाठी त्यांनी हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर निबंध लिहिले. विषयांची निवड पाहा. किनाऱ्यावरच्या माणसाला रोज दिसणाऱ्या, पण कारण न कळलेल्या या गोष्टी आहेत.

त्यांचे सगळ्यात नावाजलेले पुस्तक म्हणजे १८६० साली छापलेले ग्रहसाधनाची कोष्टके. आपल्याकडची पंचांगे जुन्या ग्रंथांवरून होत. शतकानुशतके त्या गणितात बारीक चुका साचत आल्या होत्या, आणि पंचांगात लिहिलेली ग्रहाची जागा व आकाशात दिसणारी जागा जुळेना. ग्रहणाची वेळ चुके. केरूनानांनी युरोपातील नव्या वेधांवर आधारलेली कोष्टके मराठीत आणली, म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही पण आकडेमोड येते अशा जोशालाही ग्रह अचूक काढता यावेत. त्यांच्या या गणितावरून शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नवे पंचांग निघू लागले. त्याला पटवर्धनी किंवा केरोपंती पंचांग म्हणत.

ग्रहणे जुळली, यावर कोणी तक्रार केली नाही. तक्रार आली ती सणांवरून. राशिचक्राचा आरंभ कोठे धरायचा, हा जुना वाद आहे. केरूनानांनी तो रेवती नक्षत्रातल्या एका ठरावीक ताऱ्यापासून धरला आणि अयनगती खरी घेतली. त्यामुळे त्यांची मकरसंक्रांत चालू पंचांगापेक्षा तीन-चार दिवस आधी येऊ लागली आणि कधीकधी अधिक महिनाच वेगळा पडू लागला. लोकांनी ग्रहण केरोपंतांचे घेतले आणि संक्रांत आपल्या जोशीबुवांची ठेवली. मला यात लोकांची चूक वाटत नाही. ग्रहण डोळ्यांनी तपासता येते, संक्रांत तपासता येत नाही. तिथे सगळ्या गावाबरोबर तिळगूळ वाटणे महत्त्वाचे. तरी हा धागा तुटला नाही. आजही निघणारे टिळक पंचांग रेवतीच्या त्याच ताऱ्यावर उभे आहे आणि कोकणात ते पाळणारी घरे आहेत.

टिळकांचे नाव आलेच आहे. पुणे कॉलेजचे पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि ते येरवड्याला गेले. तिथे केरूनानांनी गणिताचे प्राध्यापक म्हणून काही काळ काम पाहिले. टिळक तिथले त्यांचे विद्यार्थी. टिळकांना गणिताची आणि ज्योतिषाची गोडी लागली त्यात या गुरूचा वाटा मोठा होता, हे सर्वमान्य आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याआधीच शिकून नोकरीला लागलेल्या केरूनानांकडे पदवी नव्हती. पदवी नसलेला माणूस पदवीधर घडवत होता आणि कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. आज मात्र एखाद्या वाडीवरच्या शाळेतला डी.एड. झालेला गुरुजी कितीही तयारीचा असला, तरी तालुक्याच्या बैठकीत त्याला तज्ज्ञ म्हणून उभे करायला आपण बिचकतो.

तरीही त्या काळाचे गोडवे सरसकट गाता येणार नाहीत, निदान महाडच्या माणसाला तरी. पुण्याच्या त्या वर्गात बसणारे जवळपास सगळे वरच्या जातींतले पुरुष होते. ज्यांना गावच्या शाळेच्या ओट्यावरही जागा नव्हती, ते मास्तर होण्याच्या शाळेपर्यंत पोचणार कसे? त्यांच्यासाठी त्या काळी एक वेगळी वाट उघडी होती, ती लष्कराची. पलटणीतल्या मुलांसाठी शाळा असत आणि त्या शाळांच्या मास्तरांसाठी पुण्यात लष्कराचे वेगळे नॉर्मल स्कूल होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथे शिकले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातलेच पेन्शनर. त्यांनी पेन्शनीनंतर लेखणी हातात घेतली आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहिले. हा योगायोग आहे हे मला कळते, तरी सांगतो: केरूनाना १९ मार्च १८८४ रोजी वारले, आणि बरोबर ४३ वर्षांनी, १९ मार्च १९२७ रोजी, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले. पाण्याला शिवाशिव लागत नाही हे पदार्थविज्ञानाचे पुस्तक कधीपासून सांगत होते, पण पुस्तक वर्गात आणि तळे बाहेर अशी विभागणी लोकांनी सोयीने करून ठेवली होती. केरूनाना या प्रश्नावर लढले असे म्हणता येणार नाही. ते शांत, साध्या वृत्तीचे, अभ्यासात रमलेले गृहस्थ होते. त्यांच्या कामाची ही मर्यादा होती.

त्यांनी घातलेला पाया पुढे कसा उपयोगी पडला ते पाहायचे तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे पाहावे. दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे, जन्म १८५३ चा. १८७० ते १८७३ ही तीन वर्षे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरकी शिकले, आणि मग १८७४ ते १८८० रेवदंड्याच्या मराठी शाळेचे हेडमास्तर होते. म्हणजे केरूनानांच्या नागावपासून अगदी जवळ. पुढे ठाणे, बार्शी, धुळे असे करत ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातच शिक्षक म्हणून परत आले. या मराठी शाळेच्या मास्तराने भारतीय ज्योतिषशास्त्र हा असा ग्रंथ लिहिला, की तो वाचता यावा म्हणून परदेशातल्या विद्वानांना मराठी शिकावेसे वाटले, अशी त्याची ख्याती आहे. केरूनानांच्या कामाची विश्वासार्ह हकिगत आपल्याला मिळते ती मुख्यतः याच ग्रंथात. दीक्षित सृष्टीतल्या चमत्कारांवर मुलांसाठीही लिहीत. खेड्यातला मास्तर हा नुसता पगारी शिकवणारा नसून स्वतः शोध घेणारा असू शकतो, याचे त्यांच्यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र तीन वर्षे त्याला कोणीतरी नीट शिकवले होते, आणि आयुष्यभर पुस्तकांशी व जाणत्या माणसांशी त्याचा संबंध तुटला नव्हता, हे विसरू नये.

आता आपल्या भागाकडे येतो. मी नोकरीची बरीच वर्षे पोलादपूरच्या डोंगरातल्या शाळांत विज्ञान शिकवण्यात काढली. आपल्या जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षणाची संस्था पनवेलला. महाडहून ती सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि वरच्या वाडीवरून निघालेल्या गुरुजींना आधी पोलादपूर गाठावे लागते ते वेगळेच. पावसाळ्यात एसटी वेळेवर आली तर नशीब. एकदा अशाच एका प्रशिक्षणाला दोन दिवस बसलो. कोठे आणि कोणाचे ते सांगत नाही. विषय होता प्रयोगातून विज्ञान. पडद्यावर प्रयोगांची चित्रे दाखवली, साहित्याची छापील यादी दिली, जेवण चांगले होते. हाताला एक बल्ब, एक सेलसुद्धा लागला नाही. परतताना गाडीत आम्ही चौघे शिक्षक होतो. त्यातल्या एका बाईंनी पिशवीतून सलाइनची नळी आणि दोन बाटल्या काढून वक्रनलिका कशी चालते ते माणगाव येईपर्यंत दाखवले. मी पुढे वर्गात जे वापरले, ते गाडीतले.

मग आम्ही आपसात ठरवले. केंद्राच्या शिक्षण परिषदेला ज्या दिवशी जमायचे, त्या दिवशी परिपत्रके वाचून झाली की एकाने एक प्रयोग करून दाखवायचा आणि दुसऱ्याने तो लगेच करून बघायचा. भिंग, चुंबक, तापमापक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरवायचे. पाऊस मोजायचा तर शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून, मान उलटी बसवून, आत पट्टी चिकटवून. तळाशी गोल बूड असते तिथपर्यंत आधी पाणी भरून घ्यायचे, नाहीतर आकडा चुकतो. रोज सकाळी साडेआठला मोजायचे, कारण हवामान खातेही त्याच वेळी मोजते. दोन वाड्यांच्या शाळांत एकाच दिवशी वेगळा पाऊस पडलेला दिसला की मुलांना इतके नवल वाटायचे, की सुट्टीतही येऊन आकडा लिहून जायची.

ही करमणूक नव्हे, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. सावित्री महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूरवरून खाली उतरते, महाडला गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी तिला मिळते आणि ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. जुन्या काळी भरतीच्या पाण्यावर गलबते महाडच्या बंदरापर्यंत येत. तीच भरती पुराच्या दिवशी उलटी उभी राहते. वरून पाण्याचा लोंढा, खालून भरतीचा अटकाव, आणि मध्ये आपली बाजारपेठ. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दीडदोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वरती घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस झाला होता. पुढचे सर्वांनी पाहिले आहे. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी आल्या. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन, कोतवाल ही नावे अशीच ऐकली होती. केरूनानांच्या निबंधांचे विषय आठवा: हवा, भरती-ओहोटी, काळ मोजणे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी निवडलेला हा अभ्यासक्रम महाडच्या मुलाला आजही जसाच्या तसा लागू आहे. वाडीवरच्या शाळेत चार दिवसांचा पाऊस रोज मोजून भिंतीवर लिहिलेला असेल आणि अष्टमी कधी, पौर्णिमा कधी, भरती किती वाजता हे सातवीतल्या मुलीला काढता येत असेल, तर गावाने रात्री घरात राहायचे की शाळेत यायचे याचा विचार वेळेत सुरू होतो. दरड थांबत नाही. पण त्या मुलीला हे शिकवणारे गुरुजी आधी कोणीतरी शिकवलेले असावे लागतात, आणि नुसते एकदा शिकवून सोडून दिलेले चालत नाही.

केरूनाना उतारवयातही निरीक्षणाच्या नादातून सुटले नव्हते. सूर्यावरचे डाग आणि पाऊसमान यांचा काही संबंध आहे का, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष होते. हा प्रश्न त्या काळी जगभरच्या शास्त्रज्ञांना पडला होता, आणि ज्या देशात पावसावर सगळे अवलंबून तिथल्या माणसाला तो पडणे साहजिकच होते. सरकारने १८७७ साली त्यांना रावबहादूर केले. १८७९ साली त्यांनी पेन्शन घेतली आणि पाच वर्षांनी, एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पंधराव्या वर्षी पन्नास रुपयांवर आकडे टिपायला बसलेल्या नागावच्या पोरक्या मुलाने जवळजवळ चाळीस वर्षे नोकरी केली, आणि त्यातला मोठा भाग मास्तर घडवण्यात गेला.

त्यांच्या पश्चात एक गोष्ट घडली ती सांगायची राहिली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकीय निरीक्षणांची पंचाईत झाली. ट्रामच्या विजेने सुई हलणार, मग पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप कसे घ्यायचे? म्हणून विजेपासून लांब, तरी मुंबईला जवळ अशी जागा शोधली गेली, आणि १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधली. केरूनाना पोरवयात ज्या प्रकारची निरीक्षणे कुलाब्याला टिपत होते, ती तेव्हापासून त्यांच्या जन्मगावाशेजारी चालू आहेत. शाळेची सहल अलिबागला नेतात ती किल्ला आणि समुद्र बघायला. किनाऱ्याजवळच ही वेधशाळा आहे. आधी लिहून परवानगी मागावी लागते. तिथून रेवदंड्याची एसटी धरली की सातआठ किलोमीटरवर नागाव लागते, पुढे चौल, आणि मग दीक्षित हेडमास्तर होते ते रेवदंडा.